‘खडकीला’ म्हणजे नेमके कोठे?

खडकीची लढाई कोठे झाली, असा प्रश्न परीक्षेत सहसा विचारला जात नाही. उत्तर प्रश्नाच्या पोटातच आहे: खडकीला! पण समजा, पुण्याचा एक मोठा नकाशा भिंतीवर लावला, तुमच्या हाती पेन्सिल दिली आणि लढाईच्या जागी टिंब करायला सांगितले, तर ते तुम्ही कोठे कराल? खडकीच्या रेल्वे स्टेशनावर? बाजारात? दारूगोळ्याच्या कारखान्यावर? लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. पुण्याला रेल्वे आली १८५८ साली आणि कारखाना तर त्याच्याही नंतरचा. ज्या खुणांवरून आपण आज खडकी ओळखतो, त्या त्या दिवशी तेथे नव्हत्याच.

कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभा आहे. तेथे जागा कोणती असे विचारावे लागत नाही. पण असे भाग्य थोड्याच रणांगणांच्या वाट्याला येते. बाकीची कागदांत असतात आणि कागदांतून जमिनीवर उतरवावी लागतात. हे काम इतिहासाच्या तासाचे आहे असे आपण समजतो. माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या लष्करी कागदावरून जागा ठरविणे हे विज्ञानाच्या तासाचे काम आहे. त्यात निरीक्षण आहे, मोजमाप आहे, अनुमान आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडताळा आहे. आपले अनुमान चुकीचे असेल तर ते चुकीचे ठरण्याची सोय त्यात आहे. प्रयोगशाळेत आणखी काय असते?

आधी कागद काय सांगतात ते थोडक्यात पाहू. इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सीत राहत असे. इंग्रज फौजेची छावणी गारपीर येथे होती. ती नोव्हेंबरच्या आरंभी खडकीला हलविण्यात आली. कॅप्टन फोर्डची पलटण दापोडीला होती. ५ तारखेला दुपारनंतर पेशव्यांची फौज पुण्यातून बाहेर पडू लागली. एल्फिन्स्टन रेसिडेन्सी सोडून नदी उतरला आणि पलीकडच्या काठाने खडकीच्या पुलाकडे जाऊन आपल्या फौजेला मिळाला. मागे रेसिडेन्सी जाळण्यात आली. त्याचा ग्रंथसंग्रह व हस्तलिखिते तीत नाहीशी झाली. कर्नल बर याने छावणीत वाट न पाहता फौज पुढे, गणेशखिंडीकडच्या मैदानात काढली. बापू गोखल्यांनी निवडक घोडदळाचा हल्ला चढविला. पण इंग्रजांच्या डाव्या बाजूसमोर एक खोल दलदल होती. घोडे तीत अडकले, रांगा मोडल्या आणि हल्ल्याचा जोर ओसरला. अंधार पडता पडता लढाई संपली. दुसरा बाजीराव पर्वतीवरून हे पाहत होता.

हे वर्णन आपल्यापर्यंत ज्या ग्रंथांतून आले, त्यांत ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास महत्त्वाचा आहे. तो १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा लेखक स्वतः त्या दिवशी रणांगणावर होता. पेशव्यांची फौज पुढे येताना त्याला खंबायतच्या आखातात भरतीचे पाणी भिंतीसारखे चालून येते त्याची आठवण झाली. उपमा सुंदर आहे, पण जागा ठरविण्यास तिचा उपयोग नाही. आपल्या उपयोगाचे शब्द अगदी साधे आहेत: पूल, खिंड, डावी बाजू, दलदल, पर्वती. प्रत्येक शब्दाची उलटतपासणी करायची.

पहिली अडचण नावांची. इंग्रज कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. खडकीचे ‘किर्की’ झाले, दापोडीचे ‘दापूरी’ झाले. या दोन नावांकडे नीट पाहा. दोन्हींत ‘ड’च्या जागी ‘र’ आला आहे. हा योगायोग नव्हे. आपल्या ‘ड’चा दोन स्वरांमधला उच्चार इंग्रजी कानाला ‘र’सारखा लागतो. नियम एकदा ध्यानात आला की इतर नावेही उलगडतात. १७७९ च्या तहाचे ‘वरगॉम’ म्हणजे वडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ च्या लढाईचे ‘आरगॉम’ म्हणजे अकोला जिल्ह्यातले अडगाव. पण सावध राहा! महाराष्ट्रात अडगावे, वडगावे, पिंपळगावे किती आहेत याची मोजदाद करणे कठीण. नाव जुळले म्हणजे जागा सापडली असे नव्हे. फक्त कोणकोणती गावे तपासायची त्यांची यादी हाती आली.

दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. यात मोठी माणसेही गोंधळतात. कागदात ‘डावी बाजू’ लिहिले असेल तर कोणाची डावी? समोरासमोर उभ्या असलेल्या दोन फौजांच्या डाव्या बाजू विरुद्ध दिशांना असतात. नदीचा डावा काठ मात्र पाहणाऱ्यावर अवलंबून नसतो. प्रवाह ज्या दिशेने जातो तिकडे तोंड केल्यावर जो डाव्या हाताला येतो तो डावा काठ. एकाच पानावर हे दोन्ही प्रकारचे ‘डावे’ येऊ शकतात. म्हणून वाचता वाचता कागदावर बाण काढायची सवय लावावी. जुन्या आराखड्यात होकायंत्राची उत्तर दिशा दाखविली असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चुंबकीय उत्तर स्थिर नसते, वर्षागणिक ती थोडी थोडी सरकते.

तिसरी अडचण वेळेची, आणि ती सोडविण्यात मोठी मौज आहे. १८१७ साली भारतीय प्रमाणवेळ नव्हती; ज्या त्या गावची वेळ त्या त्या गावच्या सूर्यावर. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि पुणे सुमारे ७३.८५ अंशांवर. फरक ८.६५ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणजे पुण्याची स्थानिक वेळ आजच्या घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या काळच्या घड्याळात तेव्हा साडेपाचच वाजलेले असणार. दुपारनंतर सुरू झालेल्या लढाईला उजेडाचे तास किती मिळाले, हे यावरून ठरते.

आणि चंद्र? चंद्राच्या एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस जातात. हा आकडा घेऊन आजच्या कोणत्याही अमावास्येपासून मागे मोजत गेले तर ९ नोव्हेंबर १८१७ ची अमावास्या मिळते. त्या वर्षी दसरा १९ ऑक्टोबरला होता, म्हणजे ही अमावास्या दिवाळीची. लढाईचा दिवस आश्विन वद्य एकादशीचा. त्या रात्री चंद्र पहाटेच उगवणार होता. सूर्य मावळल्यावर मैदानात काळोख पडला आणि लढाई थांबली, हे कागदाचे म्हणणे आकाशाशी जुळते. गणित करून पाहा. काही तासांचा, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडेल.

आता आकडे. ग्रँट डफच्या हिशेबाप्रमाणे इंग्रजांकडे सुमारे २,८०० पायदळ होते आणि पेशव्यांकडे १८,००० घोडदळ, ८,००० पायदळ व १४ तोफा. इंग्रजांचे मृत व जखमी मिळून ८६, आणि मराठ्यांचे ५००. हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. ८६ हा हजेरीपटावरून मोजलेला आकडा आहे. ५०० हा संध्याकाळच्या उजेडात दुसऱ्या बाजूने केलेला अंदाज आहे. शेवटी दोन शून्ये असलेला आकडा दिसला की तो मोजला की अंदाजला, हे विचारायला शिकले पाहिजे. विज्ञानाच्या पुस्तकात आपण सार्थ अंक शिकतो आणि इतिहासाच्या पुस्तकात लगेच विसरतो!

पण मोजलेल्या आकड्यातून जागेबद्दल पुष्कळ कळते. २,८०० शिपाई दोन ओळींत उभे केले तर एका ओळीत १,४००. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाला सुमारे ६० सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे ८४० मीटर. पलटणींमधली व तोफांसाठी सोडलेली अंतरे धरली तर रांग जवळजवळ एक किलोमीटर लांब झाली. नकाशाच्या प्रमाणात तेवढी कागदाची पट्टी कापा आणि ती नदी व टेकड्या यांच्यामधल्या मैदानावर ठेवून सरकवून पाहा. काही ठिकाणी ती बसेल, काही ठिकाणी उतारावर चढेल, काही ठिकाणी ओढ्यात जाईल. जेथे बसत नाही त्या जागा बाद. घोडदळाचेही असेच. एका घोड्याला रुंदीत एक मीटर धरले तर १८,००० घोडे एका ओळीत उभे करायला १८ किलोमीटर हवेत. एवढे मैदान खडकीला नाही, तेव्हा ते एका रांगेत आले नाहीत हे उघडच आहे. हल्ला करणारे सुमारे ६,००० धरले आणि त्यांच्या दहा ओळी केल्या, तरी ६०० मीटर रुंदी लागते. दलदलीचे महत्त्व येथे कळते. शंभर-दोनशे मीटरचा चिखल अशा हल्ल्याच्या मध्यभागी आला तर मागच्या ओळी पुढच्यांवर आदळणारच.

एक जागा सापडली की तिच्याबरोबर दुसरी सापडते, हेही याच लढाईत दिसते. पेशव्यांचे मुत्सद्दी मोर दीक्षित या लढाईत पडले ते फोर्डच्या पलटणीसमोर. फोर्डची व त्यांची जुनी ओळख होती. फोर्डची पलटण रांगेत कोठे उभी होती हे ठरले की मोर दीक्षित कोठे पडले हेही थोड्याशा अंतरात ठरते. पलटण आली दापोडीहून. तेव्हा नदी उतरून, ताशी चार किलोमीटरच्या चालीने, ती किती वेळात कोठपर्यंत पोहोचू शकते हेही नकाशावर मोजता येते.

मात्र १८१७ ची नदी आज नाही. बंडगार्डनजवळचा बंधारा १८५० च्या सुमाराचा. त्याच्यामुळे संगमाकडे पाणी तुंबून राहते. मुठेवर वर खडकवासल्याचे धरण झाले ते त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्या उतारावरून एल्फिन्स्टन नदी ओलांडून गेला, तो आज पाण्याची पातळी पाहून शोधू गेल्यास सापडायचा नाही. उतार शोधायची एक जुनी युक्ती मात्र सांगण्यासारखी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईपूर्वी वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले. त्याने दुर्बिणीतून पाहिले तर समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली. इतकी जवळ वसलेली दोन गावे एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय असल्याखेरीज राहतील कशी? उतार असलाच पाहिजे, असे त्याने अनुमान केले, आणि उतार निघाला. वेलस्लीचे कौतुक करण्याचे आपल्याला कारण नाही, पण अनुमानाचे आहे. जुन्या नकाशावर समोरासमोरची गावे दिसली की तेथे पायवाट, उतार, होडी यांचा शोध घ्यावा.

आता दलदलीकडे वळू. माझ्या मते खडकीच्या साऱ्या कोड्याची किल्ली तीच आहे. माणसे निघून जातात, झाडे तोडली जातात, गावाचे नाव बदलते. पण जमिनीत पाणी का साचते याची कारणे खडकात असतात आणि खडक दोनशे वर्षांत बदलत नाही. पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या थरांच्या आहेत. काही थर सच्छिद्र आणि झिजलेले असतात, काही घट्ट. पावसाचे पाणी सच्छिद्र थरात मुरते, खाली घट्ट थर लागला की अडते, आणि टेकडीच्या पायथ्याशी वाट मिळेल तेथे झिरपून बाहेर येते. तेथे काळी माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते. वरून कोरडी पपडी आणि आत लोणी! माणूस हलक्या पायाने निघून जाईल, पण स्वारासकट धावणारा घोडा रुतेल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि असे झरे जिवंत असतात. हीच लढाई एप्रिलमध्ये झाली असती तर कदाचित कोणी दलदलीचे नावही घेतले नसते.

दलदलीवरून रणांगण शोधल्याचे एक उत्तम उदाहरण इंग्लंडात आहे. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत राजा तिसरा रिचर्ड मारला गेला. ही लढाई ॲम्बियन नावाच्या टेकडीवर झाली असे पिढ्यान् पिढ्या सांगत असत. १९७० च्या दशकात तेथे प्रेक्षकांसाठी केंद्रही उभारले. पण जुन्या वर्णनांत एका दलदलीचा स्पष्ट उल्लेख होता. २००५ पासून संशोधकांनी आसपासच्या कित्येक चौरस किलोमीटरच्या जमिनीचा अभ्यास केला. मातीचे व गाळाचे थर पाहून त्या काळी दलदल कोठे असू शकत होती ते ठरविले आणि मग शेतांतून धातुशोधक यंत्रे फिरविली. शिशाचे तीसहून अधिक गोळे मिळाले, आणि रिचर्डच्या बोधचिन्हाचा, रानडुकराचा, चांदीचा छोटासा बिल्ला मिळाला. रणांगण टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर निघाले! पिढ्यान् पिढ्या लोक ज्या जागेला नमस्कार करीत होते ती जागा चुकीची होती, आणि योग्य जागेचा पत्ता एका साध्या शब्दात दडला होता.

जर्मनीतही असेच घडले. इसवी सन ९ मध्ये रोमन सेनापती वारुसच्या फौजेचा जंगलात संहार झाला. ती जागा कोणती यावर विद्वानांनी शेकडो तर्क केले. १९८७ साली टोनी क्लन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने जुने नकाशे आणि शेतकऱ्यांना पूर्वी सापडलेल्या नाण्यांच्या नोंदी एकत्र करून काल्क्रीज गावाजवळ शोध घेतला. तेथे रोमन नाणी व गोफणीचे शिशाचे गोळे सापडले. त्याने यंत्र हाती घेतले ते शेवटी. आधी कागद वाचले, हा क्रम महत्त्वाचा.

हे वाचून कोणी धातुशोधक यंत्र घेऊन खडकीला निघेल, म्हणून लगेच सांगतो: तसे करू नका. एक कारण कायद्याचे. जमिनीत पुरलेल्या मौल्यवान वस्तूंबाबत १८७८ चा कायदा आहे, संरक्षित स्मारकांबाबत १९५८ चा आहे, आणि खडकीचा मोठा भाग लष्करी हद्दीत आहे. दुसरे कारण शास्त्रीय आहे आणि मला तेच अधिक पटते. खडकी १८१७ नंतरही लष्कराचेच गाव राहिले. तेथे दारूगोळ्याचा कारखाना झाला. रेंज हिल्स हे नावच गोळीबाराच्या सरावाची आठवण देते. अशा जमिनीत शिशाची गोळी मिळाली तर ती बापू गोखल्यांच्या दिवसाची की पुढच्या कोणा रंगरुटाच्या सरावाची? इंग्रजी बंदुकीच्या त्या काळच्या गोळीचा व्यास सुमारे साडेसतरा मिलिमीटर असे, हे ठाऊक असले तरी तीच बंदूक पुढेही कित्येक वर्षे वापरात होती. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणांगणावर १९८३ साली वणव्याने गवत जळून गेले आणि पुढच्या वर्षी प्रत्येक गोळीची व काडतुसाची जागा नकाशावर मांडून लढाईचा क्रम लावता आला. तेथे ते जमले, कारण त्या माळावर नंतर कोणी गोळीबाराचा सराव केला नाही. एकीकडे उपयोगी पडलेले साधन दुसरीकडे डोळे झाकून वापरणे ही अंधश्रद्धाच.

मग खडकीला काय करावे? येथे मी माझी मुख्य सूचना मांडतो. या मैदानावर गेल्या दीडशे वर्षांत राजभवन झाले, त्याचे पुढे विद्यापीठ झाले, वनस्पती उद्यान झाले, शेतकी महाविद्यालय झाले, रेल्वेचे भराव पडले, रस्ते रुंद झाले आणि आता मेट्रोचे खांब उभे राहिले. वरवर पाहता जमीन झाकली गेली. पण प्रत्येक मोठ्या इमारतीच्या व पुलाच्या पायासाठी काम सुरू होण्याआधी जमिनीत भोक पाडून माती तपासतात. किती मीटरपर्यंत काळी माती, कोठे मुरूम, कोठे खडक, पाणी किती खोलीवर लागले, हे सारे अभियंते लिहून ठेवतात. पायाचे काम संपले की त्या नोंदीचे काम संपते आणि ती फायलीत जाते. माझे म्हणणे असे की या नोंदी एका जागी गोळा करून नकाशावर मांडाव्यात आणि त्या सर्वांना पाहायला मिळाव्यात. गणेशखिंडीपासून खडकीपर्यंत काळ्या मातीचा थर कोठे जाड आहे हे त्यावरून दिसेल, आणि मग दलदलीच्या जागेवर नुसते अनुमान नव्हे, तर पुरावा हाती येईल. यासाठी नवीन खड्डा खणायला नको. मात्र पाया भरून गेला आणि फाईल रद्दीत गेली, तर ती माती पुन्हा कोणी पाहणार नाही. पुरातत्त्व खाते, विद्यापीठ आणि अभियंते यांनी यात लक्ष घालावे. पण मागणी करायला शाळेतल्या मुलांनाही कोणी अडवलेले नाही.

पुण्याला अशा कामाची परंपरा नाही असे नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतचा अभ्यास नुसता कागदांवर केला नाही. ते तिकडे जाऊन जमीन पाहून आले, आणि त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९४६ साली प्रसिद्ध केला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात आहे, पेशवे दप्तर पुण्यात आहे. जगातल्या फार थोड्या गावांना आपल्याच लढायांचे दोन्ही बाजूंचे कागद इतके हाताशी असतात. पेशव्यांच्या बाजूचे कागद मोडीत आहेत, एवढीच काय ती अडचण. मोडी पंधरा दिवसांच्या नियमित सरावाने वाचता येऊ लागते. बीजगणितापेक्षा ती सोपी आहे.

ही विद्या फक्त जुन्या लढायांसाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात महाराष्ट्रातल्या हजारो घरांतून तरुण परदेशी गेले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही; नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या गावी त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. ‘टायबरचे वरचे खोरे’ म्हणजे डोंगर, ओढे आणि गावे यांचा मोठा प्रदेश. त्यातली एखादी नेमकी टेकडी ओळखायची तर पलटणीच्या रोजनिशीतले नकाशाचे आकडे वाचावे लागतात, आणि ते आकडे युद्धकाळातल्या चौकटीचे असल्याने आजच्या अक्षांश-रेखांशांत बदलून घ्यावे लागतात. कोकणात आणि सातारकडे अजूनही कित्येक घरांत एखादी तार किंवा पदकाची पेटी जपून ठेवलेली असते. त्या तारेवरचे गाव नकाशात कोठे आहे, हे त्या घरातल्या नातवाला कोणी दाखवून दिले तर ते लहान काम नव्हे.

शिक्षकांना एक विनंती आहे. इतिहास, भूगोल आणि विज्ञान शिकविणाऱ्यांनी मिळून एक शनिवार यासाठी काढावा. आरंभ पर्वतीपासून करावा, तेथे परवानगीचा प्रश्न नाही. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता, हे आपण सहज म्हणतो. पण पर्वती ते विद्यापीठाचे मैदान हे अंतर सरळ रेषेत सुमारे सहा किलोमीटर, आणि त्या रेषेच्या आसपास फर्ग्युसन महाविद्यालयामागची टेकडी येते. समोच्च रेषांच्या नकाशावर पर्वतीपासून खडकीच्या वेगवेगळ्या ठिकाणांपर्यंत रेषा आखाव्यात, प्रत्येक रेषेचा उभा छेद आलेखाच्या कागदावर काढावा आणि कोणती जागा दिसू शकते, कोणती टेकडीआड जाते ते पाहावे. सहा किलोमीटरवर पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारा फरक तीन मीटरपेक्षा कमी आहे, तो सोडून दिला तरी चालेल. तोफेचा आवाज पर्वतीवर पोहोचायला सतरा-अठरा सेकंद लागले असतील. धूर आधी दिसला, आवाज मागून आला.

निष्कर्ष काढताना मात्र एक पथ्य पाळावे. जी जागा आपल्याला आवडते, जेथे स्मारक शोभून दिसेल, जी आपल्या गावाच्या हद्दीत येते, ती खरी असे मनाशी धरून निघू नये. जागा ठरविताना कोण जिंकले आणि कोण हरले यालाही महत्त्व नाही. दोन गटांनी एकमेकांची उत्तरे न पाहता टिंब करावे आणि मग ताडून पाहावे. टिंबे एकमेकांपासून दूर पडली तर त्या दोहोंच्या मधल्या अंतरालाच आपल्या ज्ञानाची अचूकता म्हणतात. नकाशावर टिंबाऐवजी वर्तुळ काढावे आणि त्याची त्रिज्या खाली लिहावी.

खडकीचे वर्तुळ काढून झाले की पूर्वेकडे हडपसर आहेच. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी तेथे शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. त्या माळावर आता कारखाने, संगणकाच्या कंपन्या आणि उंच इमारती आहेत. दिवस नरक चतुर्दशीचा होता, एवढे चंद्राच्या गणिताने आत्ताच ताडून पाहता येईल.